वरचं वजन

कप्तान पाण्यात पडला तेव्हा त्याच्या अंगावर जाकीट नव्हतं, आणि त्याला पोहता येत नव्हतं.

बोट एका अंगावर कलली होती. दोहाजवळच्या अल वक्राचा धक्का मागे लांब राहिला होता, काडीएवढा दिसत होता. पाणी कडेवरून आत आलं ते हळूहळू नाही, कुणी बादली उपडी करावी तसं आलं. माझ्या चपला तरंगत सुनेच्या पायापाशी गेल्या. माझा मुलगा ओरडत होता, "काका! काका, हात द्या!" साताऱ्याचा ड्रायव्हर देवांची नावं घेत होता, एक संपला की दुसरा. बोटवाला हिंदीत "बैठो, बैठो" म्हणत होता आणि कुणी बसत नव्हतं, कारण सगळ्यांना कप्तानला धरायचं होतं आणि कप्तान होता त्याच अंगाला, जिकडे बोट आधीच कलली होती. त्याच्या बायकोने बोटीची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ती नुसती पाण्याकडे बघत होती.

कप्तान वर आला. हातात नारळ होता. तोंड उघडं होतं. मग परत खाली गेला.

हा माणूस पाण्यात कसा गेला ते सांगायचं तर तो कसा होता ते सांगायला हवं. त्याला मी तोंडावर अहो-जाहो करायची. लिहिताना 'तो' म्हणते, कारण तो माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान होता.

कप्तान हे नाव आम्ही ठेवलेलं. तो कुठल्याच बोटीचा कप्तान नव्हता. जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो नकाशे काढायचा. मूळचा नाशिकचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात गेल्यावर, तोही सहलीत. मी खाडीकाठची, चौथी शिकलेली, पाण्यात वाढलेली. दोहाच्या अल मन्सूरात आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं दार आमच्या दारासमोर होतं. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये आमची गाठ पडली. लिफ्टमध्ये मी, माझा मुलगा, भाजीच्या पिशव्या आणि हा.

"मावशी, तुम्ही जरा मागच्या कोपऱ्यात," तो म्हणाला.

"का?"

"पुढे तुमचे चिरंजीव आहेत. ते वजनदार आहेत. समतोल राहील."

मी मुलाला विचारलं, "हा लिफ्टवाला आहे का?" मुलगा हसू दाबून भिंतीकडे बघायला लागला. कप्तानला राग आला नाही. तो म्हणाला, "लिफ्टवाला नाही, शेजारी. पण पिशवी डाव्या हातात घ्या."

त्याचं सगळं डोकं एका गोष्टीत अडकलेलं होतं. मागच्या शतकाच्या सुरुवातीच्या लढाऊ बोटी, विनाशिका. आत्ताच्या नाहीत. आत्ताच्या बोटींकडे तो बघायचासुद्धा नाही. "ती ऑफिसं आहेत मावशी, तरंगणारी ऑफिसं. आत एसी आहे." त्याला हव्या होत्या त्या कोळशावर चालणाऱ्या, चार-चार धुरांड्यांच्या, किडमिड्या. पहिल्यांदा त्याने 'विनाशिका' म्हटलं तेव्हा मला नाव आवडलं. मी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय, आई?"

मला त्याने ती बोट समजावली ती पडवळावर. मी पडवळ चिरायला घेतलं होतं आणि तो मीठ मागायला आला होता. मीठ राहिलं बाजूला. त्याने माझ्या पाटावरून पडवळ उचललं आणि म्हणाला, "हीच!"

"हीच काय?"

"लांबी बघा आणि रुंदी बघा. दहापट. मोठ्या जहाजांना भीती होती छोट्या बोटींची. छोटी बोट येणार, पाण्याखालून पळता सुरुंग सोडणार, पळणार. मग त्या छोट्या बोटींना पळवून मारायला ही काढली. हिला फक्त पळायचंय. म्हणून सगळं काढून टाकलं आणि वेग ठेवला."

"सगळं म्हणजे?"

"जाड पत्रा काढला. जागा काढली. झोप काढली." त्याने माझा पोळीचा तवा उचलला आणि बोटाने वाजवला. "एवढा पत्रा, मावशी. बाहेर समुद्र आणि आत माणूस, मध्ये हा तवा. निम्म्या बोटीत बॉयलर आणि इंजिन. उरलेल्यात साठ-सत्तर गडी."

"मग निजायचे कुठे?"

"उरेल तिथे," तो आनंदाने म्हणाला. "त्यांना त्रासाचा वेगळा भत्ता मिळायचा."

त्याची बायको दारात उभी होती, मीठ का येत नाही ते बघायला आली होती. ती म्हणाली, "मला कधी चालू होणार तो?"

त्या दिवशी भाजी उशिरा झाली. पण मला तो माणूस आवडला. लोक ज्याच्यावर जीव टाकतात त्याचे गुण सांगत बसतात. हा दोष सांगायचा. वेगात गेल्या की त्या बोटींच्या धुरांड्यांतून ज्वाळा निघायच्या, हे त्याने मला तीनदा तरी सांगितलं असेल.

"म्हणजे शत्रूवर गुपचूप जायचं आणि डोक्यावर मशाल पेटवून?" मी म्हटलं.

"तेच तर!" त्याने टाळी दिली. मला आजवर कुठल्या पुरुषाने टाळी दिली नव्हती.

आणि कोळसा मारणाऱ्या गड्यांबद्दल बोलताना तो जरा हळू बोलायचा. "वरून सगळ्यांना वेग दिसतो. पण तो येतो खालून, फावडं मारणाऱ्याच्या हातातून. त्याला समुद्र दिसतसुद्धा नाही. पुढे तेल आलं तेव्हा सुटले बिचारे." मी म्हटलं, मला चुलीचं सांगू नका, मी जन्मभर धूर खाल्लाय, गॅस आला तेव्हा मीपण सुटले. तो म्हणाला, "म्हणूनच तर तुम्हाला सांगतो. ऑफिसात कुणाला कळत नाही."

त्याच्या घरात दोन शब्द चालायचे. एक 'वरचं वजन' आणि दुसरा 'जागेवर'.

वरचं वजन म्हणजे असं. त्या बोटी चिंचोळ्या. शिवाय दर थोड्या दिवसांनी कुणीतरी शहाणा येऊन वर काहीतरी बसवायचा. एक तोफ. मग एक डोलकाठी. मग एक मोठा दिवा. प्रत्येक गोष्ट कामाची, प्रत्येक गोष्ट थोडीच. आणि एक दिवस लाटेवर बोट कलायची आणि परत उभी राहायची नाही. "कलणं महत्त्वाचं नाही मावशी, सगळं कलतं. परत उभं राहता आलं पाहिजे." म्हणून त्याच्या घरात कपाटावर काही ठेवायचं नाही. इथे दोहात प्रत्येकाच्या कपाटावर दोन-तीन सुटकेसा असतात, सुट्टीला जायच्या. कप्तानच्या घरी त्या पलंगाखाली. लोणच्याच्या बरण्या जमिनीवर. देवही खालच्या फळीवर. त्याची बायको मला म्हणाली, "लग्न झालं तेव्हा मी अंबाड्यावर गजरा घालायचे. तोपण यांना वरचं वजन वाटायचा."

'जागेवर' हा हुकूम होता. त्या बोटींवर जागाच इतकी कमी की प्रत्येकाची जागा ठरलेली. घंटा वाजली की डोळे मिटून माणूस आपल्या जागेवर जायचा. कप्तानने हे घरात आणलं. जेवायला बोलावलं की तो तुम्हाला पाट दाखवायचा आणि पुढच्या वेळी तुम्ही त्याच पाटावर बसायचं. संक्रांतीला तिने हळदीकुंकू केलं. बिन महमूद, नजमा, शहराच्या कुठल्या कुठल्या भागांतून बायका आल्या. बायकांचं ठाऊक आहे, सगळ्या वाण बघायला एकाच कोपऱ्यात. आतून कप्तान ओरडला, "जागेवर!" आणि खरं सांगते, ज्या बायका त्याच्याकडे पूर्वी जेवून गेल्या होत्या त्या उठून आपापल्या जागी जाऊन बसल्या. नव्या होत्या त्या घाबरून चपला शोधायला लागल्या.

बाथटबचं सांगितल्याशिवाय कप्तान पुरा होणार नाही.

त्याने एक बोट केली होती, पत्र्याची आणि लाकडाची, माझ्या हाताच्या दीडपट लांब. तिला दोन नाकं होती, एक काढून दुसरं बसवता यायचं. जुनं नाक कासवाच्या पाठीसारखं पुढे उतरतं. दुसरं उंच उचललेलं. एक दिवस तो दारात आला. "मावशी, परात आहे?"

"आहे."

"ती घेऊन या. लाटा करायच्यात."

त्याचा टब काठोकाठ भरला होता. बोटीवर काडेपेटीच्या काड्यांचे खलाशी उभे केले होते, मेणाने चिकटवून. तो टेबलफॅन घेऊन एका टोकाला. मी परात घेऊन दुसऱ्या टोकाला, पदर खोचून. "मारा!" तो म्हणाला. मी मारली. कासवाच्या पाठीचं नाक सरळ पाण्यात घुसलं, सगळं पाणी काड्यांवर आलं आणि दोन खलाशी वाहून गेले.

"बघितलंत? कागदावर वाटलं होतं, नाक गोल केलं की पाणी घसरून जाईल. गेलं का?"

"नाही गेलं."

"माणसं भिजत होती आणि कागदावर सगळं बरोबर होतं!" त्याने उंच नाक बसवलं. मी परत परात मारली. नाक लाटेवर चढलं. काड्या कोरड्या. कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते टबातलं नव्हतं. "एवढ्या साध्या गोष्टीला लोकांना किती वर्षं लागली, मावशी. नाक वर करायचं फक्त."

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा सुदानी माणूस. उंच, पांढरा झगा, खांद्यावर ओला डाग. "बाबा, मोया! ऊपर से मोया!" त्याच्या छतातून पाणी गळत होतं. कप्तानच्या बायकोने कपाळावर हात मारला. कप्तानने त्या माणसाचा हात धरला आणि त्याला बाथरूममध्ये आणलं. नाक काढून दाखवलं, नाक बसवून दाखवलं. काड्या दाखवल्या. सुदान्याने जरा वेळ बघितलं. मग माझ्या हातातली परात घेतली आणि म्हणाला, "यल्ला." म्हणजे चला.

त्याच्या लाटा माझ्यापेक्षा मोठ्या होत्या. पाणी आणखी गळलं असणार, पण छत त्याचंच होतं.

मग कप्तानची नोकरी संपली. इथे नोकरी संपली की राहणं संपतं, त्यात रडण्यासारखं काही नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या महिन्यात दोघं नाशिकला जाणार होती. त्याने बांधाबांध सुरू केली, जड सामान खाली, हलकं वर. आणि त्याच सुमाराला नारळी पौर्णिमा आली.

मी दरवर्षी समुद्राला नारळ दाखवते. आमच्याकडे नारळ पाण्यात सोडतात. इथे समुद्रात काही टाकायचं नाही, मुलाने मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. म्हणून मी किनाऱ्यावर जाते, नारळाला कुंकू लावते, पाण्याला टेकवते आणि घरी आणून फोडते. देवाला कळतं. पौर्णिमा त्या वर्षी गुरुवारी होती. गुरुवारी मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून शुक्रवारी जायचं ठरलं. समुद्र काही पंचांग घेऊन बसत नाही.

कप्तान म्हणाला, "काठावर उभं राहून नारळ? बोटीतून द्यायचा."

त्याची बायको म्हणाली, "तुम्ही बोटीत बसणार?"

तेव्हा मला कळलं. जन्मभर बोटी काढल्या, पण हा माणूस बोटीत कधी बसला नव्हता. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर चढायचा, उतरायचा. सुटलेल्या बोटीत कधी नाही. पोट ढवळतं म्हणे.

"आता जाताना तरी बसतो," तो म्हणाला.

साताऱ्याचा ड्रायव्हर नजम्यात सहाजणांच्या खोलीत राहायचा आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायचा. त्याने गाडी आणली. मी पहाटे उठून नारळीभात केला, करंज्या होत्याच. उजाडता उजाडता आम्ही अल वक्राला पोचलो. बोटवाला केरळचा, तरुण, बोलणं कमी. बोट छोटी, लांबुळकी. कप्तान तिच्याकडे बघून खूश झाला. मग धक्क्यावरच त्याने आम्हाला रांगेत उभं केलं आणि जागा वाटल्या. ड्रायव्हर पुढे डावीकडे, मुलगा पुढे उजवीकडे. सून आणि मी मध्ये समोरासमोर. त्याची बायको मागे. तो स्वतः सगळ्यात जड म्हणून बरोबर मधोमध, खाली.

"आवं पण मला तिकडनं दिसतंय चांगलं," ड्रायव्हर म्हणाला.

"भाऊ, दिसायला नाही बसवलं. जागेवर."

बोटवाल्याने जाकिटं दिली. कप्तानच्या पोटावर पट्टा येईना. बोटवाल्याने ओढून बघितला, मुलाने ओढून बघितला. कप्तान म्हणाला, "बकल लागत नाही म्हणजे हे जाकीट नाही, पांघरूण आहे." काढलं, नीट घडी केली आणि मागे बायकोच्या पायाशी ठेवलं. बोटवाला म्हणाला, "साब, पहनना पड़ेगा." कप्तान म्हणाला, "हाँ हाँ, मोठं असेल तर द्या." मोठं नव्हतं. निघालो.

बाहेर गेल्यावर बोटवाल्याने इंजिन बंद केलं. पाणी शांत होतं, वर वाफ होती. कप्तान हिरवा झाला होता पण हसत होता. मी नारळ काढला, कुंकू लावलं, एक करंजी ठेवली, हात जोडले. मग मी कडेला वाकून नारळ पाण्याला टेकवायला घेतला आणि मागे न बघता म्हटलं, "हात लावा रे." दरवर्षी म्हणते. पूजा कुणाची असो, एक जण करतो आणि बाकीचे त्याच्या हाताला हात लावतात. हात पुरला नाही तर ज्याने हात लावलाय त्याच्या खांद्याला लावतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

सुनेने माझ्या कोपराला हात लावला. मुलगा आपल्या जागेवरून उठून आला, त्याने सुनेच्या खांद्याला लावला. ड्रायव्हर आला, त्याने मुलाला. कप्तानची बायको मागून आली. बोट जराशी कलली. मधून कप्तान ओरडला, "जागेवर! अरे एकेकाने लावा, एकेकाने!" कोण ऐकतो. देवाच्या कामात हुकूम चालत नाही.

त्याच्या बायकोने मागे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही तेवढे राहिलात."

एवढंच म्हणाली. कप्तानने बसल्या बसल्या हात लांब केला. पुरेना. आणखी लांब केला. मग ज्या माणसाने बायकोला गजरा घालू दिला नाही तो बोटीत उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि आम्हा सगळ्यांवरून वाकून थेट नारळालाच हात लावला.

बोट गेली. पाणी आत आलं, आम्ही एकमेकांवर आणि कप्तान आमच्या डोक्यांवरून बाहेर. नारळ घेऊन.

मी सुरुवातीला सांगितलं तो क्षण हा.

मला पोहता येतं. पण सत्तरीच्या बाईने लुगड्यासकट उडी मारली की दोघांना काढावं लागतं. मुलगा उडी मारायला उभा राहिला. त्याने पाय कडेवर ठेवला आणि बोट आणखी खाली गेली. सून त्याच्याकडे बघत होती, तिच्या कमरेपर्यंत पाणी होतं. आणखी एक माणूस कडेला आला असता तर आम्ही सगळे कप्तानच्या शेजारी असतो.

मी ओरडले, "जागेवर! खाली!"

माझा आवाज मोठा आहे. खाडीच्या पल्याड हाक मारायची सवय. पण आवाजाचं काम नव्हतं. तो शब्द ऐकायची त्यांना सवय होती. ड्रायव्हर पुढे डावीकडे जाऊन धपकन बसला. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बस. उठलास तर तुझ्या बायकोला बुडवशील." तो बसला. त्याचं तोंड मी विसरणार नाही, पण बसला. कप्तानची बायको मागे गेली. बोट हळूहळू सरळ झाली. अर्धी भरलेली होती, पण उभी राहिली.

मी नारळीभाताचं पातेलं उचललं, भात पाण्यात ओतला आणि पातेलं सुनेच्या हातात दिलं. "उपस." समुद्रात काही टाकायचं नाही म्हणून आम्ही नारळसुद्धा परत नेणार होतो, आणि गेलं ते सगळं जेवण.

कप्तान परत वर आला. आता जरा लांब होता. मान उंच काढायचा, श्वास घ्यायला जायचा आणि खाली जायचा. नवखा माणूस असाच बुडतो. डोकं पाण्याबाहेर काढायला बघतो आणि डोकंच त्याला खाली नेतं. मी लहानपणी हे शिकले तेव्हा काकाने माझं कपाळ धरून मागे दाबलं होतं. इथे दाबायला कोण जाणार?

मी ओरडले, "वरचं वजन, कप्तान! वरचं वजन! डोकं मागे टाका!"

तो खाली गेला. त्याची बायको उठली नाही, जागेवर बसून तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "अहो! डोकं खाली! पोट वर!"

तो वर आला तेव्हा उताणा होता. कान पाण्यात, नाक वर, पोट वर, आणि नारळ दोन्ही हातांनी छातीवर घट्ट धरलेला. नारळाने माणूस तरंगत नाही. हे मला ठाऊक आहे. त्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो तरंगला.

"असेच राहा!" मी म्हटलं. "बोलू नका!"

आयुष्यात त्याने माझं तेवढं एकच ऐकलं.

बोटवाल्याने त्याचं ते घडी केलेलं जाकीट दोरीला बांधलं आणि फेकलं. पहिल्यांदा लांब पडलं. दुसऱ्यांदा त्याच्या पोटावर पडलं. त्याने एक हात नारळावर ठेवून दुसऱ्याने ते धरलं. ड्रायव्हर आणि मुलगा बसल्या बसल्या दोरी ओढायला लागले. तो जवळ आला, बोटीच्या कडेशी. मुलाने वाकून त्याची काख धरली आणि वर ओढायला बघितलं. बोट परत कलली.

तेव्हा कप्तानने तोंड उघडलं. खोकला, पाणी थुंकला आणि पहिला शब्द काय बोलला? "बाजूने नको! मागून घ्या!"

"यही तो मैं बोल रहा हूँ," बोटवाला म्हणाला.

मागून घेतलं. तिघांनी ओढलं. तो बोटीच्या तळाशी पाण्यात पडून राहिला, नारळ सोडेना. त्याच्या बायकोने ओल्या पदराने त्याचं तोंड पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं. "कागदावर सगळं बरोबर होतं, नाही का हो?" ती म्हणाली. मग ती रडायला लागली आणि आम्ही पाणी उपसायला लागलो.

धक्क्यावरून खाली येऊन कप्तान वाळूत बसला आणि म्हणाला, "मावशी, दोष बोटीचा नव्हता. बोट परत उभी राहिली. बघितलंत?"

"बघितलं."

"माणसांचा दोष होता."

"माणसांचा नाही," बायको म्हणाली, "तुमचा."

"हो," तो म्हणाला. "माझा. सगळ्यात जड मीच होतो." आणि हसायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "आवं, आता तरी खलास करा की ते बोटीचं." कप्तान म्हणाला, "खलास? आता तर कळायला लागलंय."

नारळ मी घरी आणून फोडला. आत पाणी गोड होतं. भात परत केला, कारण सगळ्यांना भूक लागली होती. आमच्या घरी त्या दिवशी कुणी कुणाला जागा दाखवली नाही, पण सगळे आपापल्या जागेवर बसले. खालच्या सुदान्याला ताट पाठवलं. करवंटी कप्तानने मागून घेतली.

दोघं नाशिकला गेली. तो अधूनमधून व्हिडिओ कॉल करतो, कपाळ तेवढं दिसतं. करवंटी घासून त्याने तिच्यात काड्यांचे सात खलाशी बसवलेत. सहा आपापल्या जागी आहेत आणि एक, जाड, कडेला उभा आहे.

त्या सकाळी बोटीत होते ते बोटवाला, साताऱ्याचा ड्रायव्हर, माझा मुलगा, सून, कप्तान, त्याची बायको आणि मी. सगळे जिवंत आहोत. कप्तानला अजून पोहता येत नाही.